विश्लेषण : सहा कोटी माणसांची वर्गवारी यंत्राने कशी झाली? हर्मन हॉलरिथ यांच्या आयुष्यातून आजच्या प्रोग्रामरने काय घ्यावे?

भारताची पुढची जनगणना डिजिटल पद्धतीने होणार आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिनांक असून तीत जातीचीही नोंद केली जाणार आहे. कोट्यवधी नोंदी गोळा झाल्या, की त्या कशा लावायच्या, कोणत्या साधनाने मोजायच्या आणि ते साधन कोणाकडून घ्यायचे, हे प्रश्न येतातच. नव्याने प्रोग्रामिंग शिकणारा विद्यार्थीही हेच विचारत असतो : कोणती भाषा, कोणती लायब्ररी, सॉर्टिंगची कोणती रीत? या प्रश्नांची एक जुनी, मोठी परीक्षा अमेरिकेत १८९०च्या जनगणनेत झाली होती. तीत उतरलेल्या हर्मन हॉलरिथ या इंजिनीअरच्या यशाची आणि पुढच्या हटवादीपणाची ही कहाणी.

हर्मन हॉलरिथ कोण होते?

हॉलरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे, जर्मनीतून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. शाळेत शुद्धलेखनाशी त्यांचे कधी जमले नाही. शाळा सुटली आणि शिक्षण घरच्या शिकवणीवर आले. पुढे मात्र कोलंबिया विद्यापीठाच्या खाणकाम विद्यालयातून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८७९ मध्ये, ते इंजिनीअर होऊन बाहेर पडले. त्यांचे प्राध्यापक विल्यम ट्रोब्रिज १८८०च्या जनगणनेशी संबंधित होते. त्यांनी या तरुणाला मदतनीस म्हणून वॉशिंग्टनला नेले. तेथे हॉलरिथ यांच्याकडे काम आले ते कारखान्यांतील वाफेच्या आणि पाण्याच्या शक्तीची आकडेवारी जमवण्याचे. आकडे गोळा करणे किती सोपे आणि त्यांची वर्गवारी करणे किती जिकिरीचे, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

जनगणनेची अडचण नेमकी काय होती?

१८८० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. माणसे मोजणे एकवेळ ठीक. पण किती पुरुष, किती स्त्रिया, कोणत्या वयाचे, कुठे जन्मलेले, कोणता व्यवसाय करणारे, असे एकात एक गुंतलेले प्रश्न असत. प्रत्येक प्रश्नासाठी कारकून तीच पत्रके पुन्हा चाळत आणि तक्त्यावर रेघा ओढत. प्रश्न वाढला, की फेरी वाढली. १८८०च्या गणनेचे अहवाल पुरे व्हायला त्या दशकाचा बहुतेक काळ गेला. लोकसंख्या आणि प्रश्न दोन्ही वाढत होते. एक जनगणना संपण्याआधी दुसरी दारात उभी राहील, ही भीती पोकळ नव्हती. शिवाय अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील जागांचे राज्यनिहाय वाटप याच आकड्यांवर ठरते. म्हणजे उशीर हा केवळ कार्यालयाचा प्रश्न नव्हता.

जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे प्रमुख डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी हॉलरिथ यांना सुचवले, की हे काम यांत्रिक स्वरूपाचे आहे, तर त्यासाठी यंत्र असायला हवे. सूचना बिलिंग्ज यांची. ती मनावर घेतली हॉलरिथ यांनी. १८८२ मध्ये ते एमआयटीत शिकवू लागले आणि तिथेच प्रयोग सुरू झाले. वर्षभरात नोकरी सोडून ते पेटंट कार्यालयात गेले, तीही नोकरी सोडली आणि सप्टेंबर १८८४ मध्ये स्वतःच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

कागदी पट्टी सोडून कार्ड का निवडले?

हॉलरिथ यांची पहिली निवड कार्डाची नव्हती. आधी त्यांनी कागदाची लांब पट्टी घेतली. माणसाची माहिती पट्टीवर छिद्रांच्या रूपाने टोचायची, ती यंत्रातून ओढायची आणि छिद्रातून विजेचा संपर्क झाला की आकडा पुढे सरकवायचा. मोजणी होत होती. पण पट्टीच्या मध्यावरची एखाद्या माणसाची नोंद हवी असेल, तर अख्खी पट्टी ओढावी लागे. त्यातल्या फक्त शेतकऱ्यांच्या नोंदी बाजूला काढायच्या, तर ते जमतच नसे.

म्हणून त्यांनी एका माणसाला एक कार्ड दिले. रेल्वेचा कंडक्टर तिकिटावर ठरावीक जागी भोके पाडून प्रवाशाचे वर्णन नोंदवतो, हे त्यांनी पाहिले होते. तीच युक्ती इथे उपयोगी पडली. कार्ड सुटे असल्यामुळे ते काढता येते, दुसऱ्या गठ्ठ्यात घालता येते, हव्या त्या क्रमाने लावता येते. आज प्रोग्रामर ज्याला डेटाची रचना म्हणतो, तिची निवड ही अशी असते. एकामागोमाग वाचायचे असेल तर पट्टी चालते, निवडून काढायचे आणि पुन्हा लावायचे असेल तर सुट्या नोंदी हव्यात. आधी डेटाचे काय करायचे ते ठरते आणि मग रचना ठरते. हॉलरिथ यांना हे कळायला एक पट्टी वाया घालवावी लागली.

यंत्र चालत कसे असे?

कार्डावर जागा ठरलेल्या होत्या : ही स्त्रीची, ही पुरुषाची, या वयोगटाच्या, या जन्मस्थानाच्या. कारकून पत्रक वाचून त्या त्या जागी छिद्र पाडी. मग कार्ड एका दाबयंत्रात ठेवायचे आणि दांडा खाली ओढायचा. वरून स्प्रिंगच्या टाचण्या उतरत. छिद्र असेल तिथे टाचणी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे आणि विजेचे मंडल पुरे होई. समोरच्या घड्याळासारख्या ४० तबकड्यांपैकी संबंधित तबकडीचा काटा एका घराने पुढे जाई. तारांची जोडणी बदलून ‘विशिष्ट वयाची आणि परदेशात जन्मलेली स्त्री’ अशा एकत्र अटीही मोजता येत. त्याच वेळी शेजारच्या पेटीतील एका कप्प्याचे झाकण आपोआप उघडे. कारकून कार्ड तिथे टाकी आणि झाकण लावी. मोजणी आणि वर्गवारी एकाच हातासरशी होई.

चुका पकडण्याची सोयही त्यातच होती. कार्डाचा एक कोपरा कापलेला असे, त्यामुळे उलटे लागलेले कार्ड गठ्ठ्यात लगेच दिसे. एका भागातील सर्व कार्डांवर भागाची खूण एकाच ठिकाणी असल्याने गठ्ठ्यातून सळई घातली, की परभागातले कार्ड आडवे येई. कार्ड नीट मोजले गेले तरच घंटा वाजे. हे सारे पाहिले, की आजच्या प्रोग्रामरला डेटा आत घेतानाच्या तपासण्या आठवतील.

निवड स्पर्धेने झाली, ती कशी?

हॉलरिथ यांनी यंत्र थेट जनगणनेला विकले नाही. आधी बाल्टिमोर शहराच्या मृत्यू-नोंदींवर ते चालवून पाहिले. पाठोपाठ न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यांत. तेव्हा कंडक्टरच्या हातपंचाने हजारो भोके पाडून त्यांचा हात दुखून येई. त्या अनुभवातून पुढे टेबलावरचे, कमी श्रमाचे पंचयंत्र तयार झाले. ८ जानेवारी १८८९ रोजी त्यांना तीन पेटंटे मिळाली.

त्याच वर्षी जनगणना कार्यालयाने तीन पद्धतींची स्पर्धा घेतली. चार्ल्स पिजिन यांची पद्धत, विल्यम हंट यांची पद्धत आणि हॉलरिथ यांचे यंत्र. पहिल्या दोन्हींत रंगीत कागदाचे तुकडे किंवा चिठ्ठ्या हाताने लावून मोजायच्या होत्या. परीक्षेसाठी कोणताही कृत्रिम नमुना घेतला नाही. सेंट लुईस शहराच्या चार भागांतील १०,४९१ माणसांच्या १८८०च्या खऱ्या नोंदी घेतल्या आणि दोन टप्प्यांची वेळ स्वतंत्र मोजली. माहिती चिठ्ठीवर वा कार्डावर उतरवायला हंट यांच्या पद्धतीला १४४ तासांहून अधिक, पिजिन यांच्या पद्धतीला सुमारे ११० आणि हॉलरिथ यांच्या यंत्राला साधारण ७२ तास लागले. उतरवलेल्या माहितीची मोजणी करायला हंट यांना सुमारे ५५, पिजिन यांना साधारण ४४ आणि हॉलरिथ यांना केवळ साडेपाच तास लागले.

या आकड्यांत एक बारकावा आहे. मोजणीत हॉलरिथ आठ-दहा पटींनी पुढे होते. पण सगळे काम धरले तर ही आघाडी दोन-अडीच पटींवर येते, कारण माहिती भरण्याचा वेळ मोठा होता. त्यांच्या यंत्राच्या एकूण ७८ तासांतले ७२ तास नुसते भोके पाडण्यात गेले. आजही एखादी लायब्ररी सॉर्टिंग दहापट वेगाने करते, असे वाचून ती घेतली जाते आणि मग लक्षात येते, की आपला वेळ फाइल वाचण्यात आणि चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यात जातो आहे. साधन पारखायचे ते आपल्याच डेटावर आणि कामाची सुरुवात ते शेवट धरून, हे सेंट लुईसच्या परीक्षेने दाखवले.

१८९० मध्ये काय घडले?

यंत्रे भाड्याने घेण्यात आली. त्यांवर काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. जून १८९० मध्ये गणना झाली आणि त्याच वर्षी एकूण आकडा जाहीरही झाला : सुमारे ६ कोटी २६ लाख. पण लोकांनी साडेसहा कोटींची अपेक्षा धरली होती. आकडा कमी आला, म्हणून काही वर्तमानपत्रांनी दोष यंत्राला दिला. उत्तर लवकर मिळाले म्हणजे ते आवडेलच असे नाही, हे जनगणना अधीक्षक रॉबर्ट पोर्टर यांना तेव्हा कळले असणार. तपशीलवार तक्त्यांचे काम मात्र पूर्वी झाले नव्हते इतक्या बारकाईने झाले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने हॉलरिथ यांना याच कामासाठी डॉक्टरेट दिली. ऑस्ट्रिया, कॅनडा आणि नॉर्वे यांनी १८९०-९१च्या गणनांसाठी, तर रशियाने १८९७च्या पहिल्या सार्वत्रिक गणनेसाठी ही यंत्रे वापरली.

भारतात वाट वेगळी होती. १९०१च्या जनगणनेत सुमारे २९ कोटी माणसांच्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरवून हाताने कप्प्यांत लावल्या गेल्या. ती पद्धत जर्मनीतील बव्हेरियातून आली होती. पुढे हॉलरिथ यंत्रे भारतातही आली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत सर्वेक्षणांच्या आकडेवारीसाठी ती वापरली जात.

सॉर्टिंगची ‘हॉलरिथ रीत’ म्हणजे काय?

जनगणना दहा वर्षांतून एकदा येते. मधली नऊ वर्षे यंत्रांनी काय करायचे? हॉलरिथ यांनी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालवाहतुकीचे हिशेब घेतले. तिथे नुसती मोजणी पुरेना, बेरीज लागे, म्हणून बेरीज करणारे यंत्र आले. डिसेंबर १८९६ मध्ये त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्डे आपोआप कप्प्यांत टाकणारे सॉर्टर यंत्रही आले.

हे यंत्र एका वेळी कार्डाचा एकच रकाना, म्हणजे एकच अंक, पाहू शके. मग तीन अंकी संख्या क्रमाने कशा लावायच्या? कार्ड-सॉर्टरवर रूढ झालेली रीत अशी : आधी एककाचा अंक, मग दशकाचा, शेवटी शतकाचा. समजा कार्डांवर ३१२, २४१, १३२, २२१ या संख्या आहेत. एककाने लावल्यावर क्रम येतो २४१, २२१, ३१२, १३२. दशकाने लावल्यावर ३१२, २२१, १३२, २४१. शतकाने लावल्यावर १३२, २२१, २४१, ३१२. तीन फेऱ्यांत काम फत्ते, आणि दोन संख्यांची एकमेकींशी तुलना एकदाही केली नाही. अट एकच : एका कप्प्यात पडणाऱ्या कार्डांचा आधीचा क्रम मोडता कामा नये. शेवटच्या फेरीत २२१ आणि २४१ एकाच कप्प्यात पडतात. त्यांचा क्रम बरोबर राहतो तो याच अटीमुळे.

संगणकशास्त्रात हिला रॅडिक्स सॉर्ट म्हणतात. दहा लाख नोंदी तुलना करत लावायच्या, तर प्रत्येक नोंदीमागे साधारण २० तुलना लागतात; सहा अंकी पिनकोड रॅडिक्सने लावायचे तर सहा फेऱ्या पुरतात. मग ती रीत सगळीकडे का वापरत नाहीत? कारण नावे कमीअधिक लांबीची असतात, क्रमाचे नियम वेगळे असतात. पायथन किंवा जावासारख्या भाषांत तयार मिळणारे सॉर्टिंग बहुतेक कामांना पुरते. ते आधीच क्रमाने असलेल्या तुकड्यांचा फायदा घेते आणि समान नोंदींचा क्रमही मोडत नाही. स्वतःची रीत लिहायची ती डेटा खरोखर वेगळा असेल तेव्हाच.

मराठीपुरते एक उदाहरण पुरेसे आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी येते, मराठी शब्दकोशात ते ‘ह’नंतर. त्यामुळे साध्या सॉर्टिंगने मतदारयादी लावली, तर ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी येतील, कोशाप्रमाणे ते नंतर यायला हवेत. इथे वेगवान रीत शोधून उपयोग नाही. भाषेचा क्रम जाणणारी लायब्ररीच हवी.

मग हॉलरिथ यांचे कुठे चुकले?

हॉलरिथ यंत्रे विकत नसत, भाड्याने देत. दुरुस्ती त्यांची, कार्डे त्यांची, पेटंटे त्यांची. गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नव्हता, तोवर हे चालले. १९०२ मध्ये अमेरिकेचे जनगणना कार्यालय कायमस्वरूपी झाले आणि नवे प्रमुख सायमन नॉर्थ यांनी भाड्याचे दर फार असल्याचा आक्षेप घेतला. हॉलरिथ स्वभावाने तडजोडीचे नव्हते. १९०५ मध्ये संबंध तुटले. कार्यालयाने स्वतःची यंत्रे बनवायला घेतली आणि त्यासाठी रशियात जन्मलेले जेम्स पॉवर्स यांना नेमले. पॉवर्स यांच्या पंचयंत्रात सगळ्या कळा आधी दाबून, तपासून, मग एकदम छिद्रे पाडता येत. म्हणजे चूक कार्ड वाया जाण्याआधी सुधारता येई. १९१०च्या जनगणनेत ही यंत्रे वापरली गेली. हॉलरिथ न्यायालयात गेले; पण काम काही थांबले नाही. पुढे पॉवर्स यांनी स्वतःची कंपनी काढली आणि बेरजा कागदावर छापून देणारे यंत्र आणले. हॉलरिथ यांच्या यंत्रावर तेव्हाही आकडे डोळ्यांनी वाचून हाताने उतरवावे लागत.

ज्या माणसाने खुल्या परीक्षेत दोघांना मागे टाकून कंत्राट मिळवले होते, तोच पुढे गिऱ्हाइकाला परीक्षा घेऊ देईना. त्याची किंमत त्याने आपले सर्वांत पहिले मोठे गिऱ्हाईक गमावून मोजली. चूक मात्र एकट्या हॉलरिथ यांची नव्हती. १५ वर्षे एकाच पुरवठादारावर विसंबून राहिलेल्या सरकारचीही होती.

पुढे कंपनीचे आणि त्यांचे काय झाले?

१९११ मध्ये चार्ल्स फ्लिंट यांनी ही कंपनी आणखी काही कंपन्यांत विलीन करून नवी कंपनी उभी केली. हॉलरिथ यांना त्यातून बारा लाख डॉलरच्या आसपास मिळाले. ते काही वर्षे सल्लागार राहिले. पण सूत्रे १९१४ मध्ये आलेल्या थॉमस वॉटसन यांच्याकडे गेली. १९२४ मध्ये कंपनीचे नाव बदलून आयबीएम झाले. हॉलरिथ यांनी शेवटची वर्षे शेती आणि गाईगुरांत घालवली. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात यंत्रांची एक काळी बाजूही दिसली. जर्मनीतील संबंधित कंपनीने नाझी राजवटीत १९३३ची प्रशियाची आणि १९३९ची जनगणना याच यंत्रांवर केली. त्या माहितीचा छळासाठी नेमका किती उपयोग झाला, यावर इतिहासकारांत वाद आहेत. पण धर्म आणि वंश यांचा रकाना कार्डावर असला, की त्यानुसार गठ्ठा वेगळा काढणे यंत्राला सारखेच सोपे असते. कोणता रकाना ठेवायचा आणि तो कोणाच्या हाती द्यायचा, हा निर्णय माणसांचाच असतो.

आजच्या प्रोग्रामिंगमध्ये हॉलरिथ कुठे दिसतात?

आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचे कार्ड आणले. पुढे संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आली, आणि आजही अनेक प्रोग्रामर ओळ ८० अक्षरांच्या आत ठेवतात. फोरट्रान भाषेच्या जुन्या प्रोग्राममध्ये अक्षरे साठवण्यासाठी ‘एच’ हे अक्षर लिहीत. तो ‘एच’ हॉलरिथ यांचाच. कार्डे गेली, पारा गेला, तरी रकान्यांची रुंदी राहिली. एकदा निवडलेले साधन किती काळ पुरून उरते, याचा हा पुरावा आहे. म्हणूनच लायब्ररी असो वा जनगणनेचे सॉफ्टवेअर, घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : ते आपल्या खऱ्या डेटावर चालवून पाहिले आहे का, सगळ्या कामाचा वेळ मोजला आहे का, आणि उद्या ते सोडायचे ठरले तर आपल्या नोंदी आपल्यालाच दुसरीकडे नेता येतील का. पहिल्या दोन गोष्टींवर हॉलरिथ जिंकले आणि तिसरीवर हरले.